आधी खर्च करा, मग बघू : उच्चशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्चशिक्षण मंत्री यांस,
सादर नमस्कार.

माझ्याकडे एक जुना चेक आहे. कॉलेजने तो आमच्या आकाशदर्शन मंडळाच्या नावाने काढला होता. मंडळाचं बँकेत खातं नव्हतं, त्यामुळे तो कधी वटलाच नाही. शिवाय तो हाती पडला तेव्हा मंडळाचे चारही पदाधिकारी पदवी घेऊन बाहेर पडले होते. रक्कम मोठी नव्हती, एका आरशापुरती होती. दुर्बीण आम्हीच बनवत होतो. नळी जाड पुठ्ठ्याची, स्टँड कार्यशाळेतल्या उरल्यासुरल्या लाकडाचा. आरसा मात्र हाताने घासायचं धाडस झालं नाही, तो विकत आणला.

मी त्या मंडळाचा खजिनदार होतो. पैसे मिळवायचे तर आधी अर्ज, मग तीन दुकानांची कोटेशनं, मार्गदर्शक सरांची शिफारस आणि प्राचार्यांची सही. इथवर माझी तक्रार नाही. मेख पुढे होती. मंजुरी मिळाली तरी पैसे मिळत नसत. "आधी खर्च करा, पक्कं बिल आणा, मग बघू," असं लेखा विभागाच्या खिडकीतून सांगितलं जाई. बिल नेलं, तर ते माझ्या नावावर आहे म्हणून परत आलं. दुकानदाराच्या विनवण्या करून मंडळाच्या नावाने नवं करून घेतलं, तर त्यावरची तारीख मंजुरीच्या मुदतीनंतरची निघाली. खिडकीतल्या कारकुनाला मी दोष देणार नाही. तो बिचारा फॉर्मवरचे रकाने भरत होता, आणि त्या फॉर्ममध्ये विद्यार्थी नावाचा रकानाच नव्हता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. आमच्यात आकाश खऱ्या अर्थाने जाणणारी एकच मुलगी होती. नकाशा न उघडता ती देवयानीतली दीर्घिका बोटाने दाखवायची, आणि आम्ही बाकीचे नुसते हो हो म्हणायचो. अध्यक्ष तिनेच व्हायला हवं होतं. ती नाही म्हणाली, कारण काही सांगितलं नाही. पुष्कळ उशिरा कळलं, की मंडळाचा खर्च पदाधिकाऱ्यांना आधी खिशातून करावा लागतो, हे तिने नोटीस बोर्डावर वाचलं होतं. माझ्या खिशात घरून आलेले पैसे असत, म्हणून मी खजिनदार झालो. हिशेबात मी कच्चाच होतो.

मंत्रिमहोदय, 'आधी खर्च, मग परतावा' या एका नियमामुळे मंडळं कोण चालवणार हे निवडणुकीच्या कितीतरी आधी ठरून जातं. ज्याला चार महिने पैसे अडकवून ठेवता येतात, तोच उमेदवार. नियम करणाऱ्यांच्या मनात हे नसेलही, पण परिणाम हाच होतो.

मुलांच्या हाती रोकड दिली तर ती उधळतील, ही भीती मी ऐकून आहे. थोडी खरीही आहे. आमच्याच शेजारच्या एका मंडळाने वर्षाचा निधी एका संध्याकाळच्या ध्वनिक्षेपकावर संपवला होता. पण त्यावरचा उपाय हप्त्यांत आहे. पहिला हप्ता छोटा, तो आधी द्यावा. त्याचा हिशेब आला की दुसरा. हिशेब आला नाही, तर त्या वर्षी दुसरा नाही. बुडालीच तर एक छोटी रक्कम बुडेल, आणि हिशेब कसा ठेवतात हे वीस वर्षांच्या मुलाला कळेल. खिडकीसमोर उभं राहून ते कळत नाही.

खात्याचा घोळही सोडवता येण्यासारखा आहे. बँक आमच्याकडे नोंदणीचे कागद मागत होती. कॉलेज म्हणत होतं, नोंदणी कशाला, तुम्ही आमचेच आहात. लेखा विभाग म्हणत होता, आमचे असलात तरी तुमच्यासाठी वेगळी सोय नाही. कॉलेजच्याच वहीत प्रत्येक मान्यताप्राप्त मंडळाला स्वतंत्र लेखाशीर्ष दिलं, एक सही विद्यार्थ्याची आणि एक प्राध्यापकांची ठेवली, की बँकेत जायलाच नको. फक्त एक करा : शिल्लक पुढच्या वर्षात जाऊ द्या. शिल्लक परत जाणार म्हटल्यावर वर्षाच्या शेवटच्या महिन्यात जे होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. कुणालाही नको असलेल्या ढाली आणि बॅनर तयार होतात.

कुणाला किती द्यायचं हा त्याहून नाजूक प्रश्न. यात इतरांचा अनुभव उपयोगी पडेल. ब्रिटनच्या १९९४च्या शिक्षण कायद्यात विद्यार्थी संघटनांविषयी एक कलम आहे. गटांना आणि क्लबांना निधी वाटण्याची पद्धत न्याय्य असावी, लेखी असावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सहज पाहता यावी, एवढंच त्यात म्हटलंय. एका वाक्याचं कलम, पण 'सरांच्या मर्जीतलं मंडळ' हा प्रकार त्याने अवघड होतो.

अमेरिकेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. व्हर्जिनिया विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या शुल्कातून इतर नियतकालिकांच्या छपाईचा खर्च देत होतं, पण एका विद्यार्थी नियतकालिकाला ते धार्मिक मताचं आहे म्हणून नाकारला. १९९५ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की मत पाहून असा भेदभाव करता येणार नाही. पुढे २००० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या खटल्यात सक्तीचं शुल्क क्लबांना देण्याला हरकत नाही, मात्र वाटप मतनिरपेक्ष हवं, असं ठरलं. त्या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मतदान घेऊन एखाद्या गटाला निधी द्यायचा की काढून घ्यायचा हे ठरवण्याबद्दल न्यायालयाने शंका घेतली. बहुमताला जे आवडतं त्यालाच पैसे द्यायचे, तर मतनिरपेक्षता उरते कुठे? आमचं मंडळ मतदानाला उभं राहिलं असतं तर नृत्य मंडळापुढे अनामत जप्त झाली असती.

प्रायोजक शोधा, असं सांगणारेही भेटतात. प्रायोजकाला गर्दी हवी असते, आणि गर्दीसमोर आपलं नाव. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण बारा जणांच्या वाचन गटाला किंवा गच्चीवर अंधारात उभ्या असलेल्या आठ जणांना प्रायोजक कुठून मिळणार? आमच्या कार्यक्रमाची पहिली अटच दिवे बंद करण्याची. फलक वाचणार कोण!

मार्गदर्शक प्राध्यापकांचं एका वाक्यात सांगतो : त्यांनी मंडळाला दिलेले तास कामाच्या तासांत धरा. नाहीतर नव्या मंडळाच्या अर्जावर सही करायला कुणी धजावत नाही.

जुन्या काळी मुलं पैशांवाचून सगळं करत, हेही ऐकवलं जातं. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचायचे आणि चर्चा करायची, एवढाच सुरुवातीचा उद्योग. दादाभाई नौरोजी त्यातलेच. दुसऱ्याच वर्षी याच मंडळींनी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि सभासद स्वतः विनावेतन शिकवायला जाऊ लागले. देणगीदार मागून आले. म्हणजे पैसे आधी नव्हते, हे खरंच. पण पॅटन यांच्यासारखे प्राध्यापक पाठीशी होते, आणि बसायला जागा होती. उलट उदाहरण केंब्रिजचं. तिथली वादसभा १८१५ मध्ये सुरू झाली, १८१७ मध्ये कुलगुरूंनी ती बंद पाडली, आणि १८२१ पर्यंत तिथे वादविवाद झाले नाहीत. अशा मंडळाचा जीव किती जणांच्या हातात असतो ते यावरून दिसतं. जागेबद्दल मी वेगळं मागत नाही, कारण वर्गखोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात. किल्ली कुणाकडे हे एकदा लेखी ठरलं म्हणजे झालं.

एवढ्यासाठी नवा कायदा करा असं माझं म्हणणं नाही. आपल्या खात्याचं एक परिपत्रक पुरे : पहिला हप्ता आधी, स्वतंत्र लेखाशीर्ष, शिल्लक पुढच्या वर्षात, आणि वाटपाचे निकष नोटीस बोर्डावर. त्याच बोर्डावर, जिथे तिने तो नियम वाचला.

आरसा अजून माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी तो कॉलेजला द्यायला गेलो होतो. खिडकी तीच होती, आतला माणूस नवा. भेटवस्तू स्वीकारता येईल म्हणाला, पण मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज लागेल, खाली विद्यमान अध्यक्षांची सही. मंडळ केव्हाच बंद पडलं होतं. आरसा पिशवीत घालून परत आणला.

आपला,
एक माजी खजिनदार