छोटूची गाठ

सोलापूर, रविवार, रात्र

प्रिय दत्त्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. रागवू नको बे. आईचा गुडघा तसाच, बाकी सगळे बरे.

छोटूच्या मांडीमागची गाठ आठवते ना? लहानपणापासूनची, मऊ. दोन महिन्यांत ती वाढली आणि कच्च्या पेरूसारखी टणक झाली. रात्री दुखून उठायचा, पायाची बोटं बधिर. पोरानं चकार शब्द काढला नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजामागं चालायचं होतं, आम्ही अडवू म्हणून.

हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नेलं. पेट स्कॅन झाला. सुईतून किरणोत्सर्गी औषध दिलं तर म्हणतो, "बाबा, आज लाइट गेली तरी अभ्यास होईल." मी हसलो आणि बाहेर जाऊन रडलो. परवा बायोप्सी झाली, रिपोर्ट गुरुवारी.

छोटूला जो जन्मजात आजार आहे, एनएफ-१, त्यातल्या अशा गाठींतून शंभरातल्या आठ ते तेरा जणांना आयुष्यात कधीतरी मज्जातंतूच्या आवरणाचा कॅन्सर होतो, तोही बहुधा ऐन तरुणपणी. केमोचा भरवसा थोडा. गाठ मुळासकट काढायची हाच खरा इलाज, आणि तिच्यासोबत तो मज्जातंतूही जाऊ शकतो. सतरा वर्षांचा आहे रे तो.

सात रस्त्याला तू त्याच्या पाठीवरचे चहाच्या रंगाचे डाग मोजले होतेस. नऊ. "दाखव कुणाला तरी, आमच्या ताईलाही असेच होते," म्हणालास. "माझ्या पोराला रोगी म्हणतोस?" म्हणून मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. पुढं डॉक्टरांनी बजावलं होतं, गाठ दुखली, वाढली, टणक झाली की त्याच दिवशी या. ते मी छोटूला कधी सांगितलंच नाही. घाबरेल म्हणून. त्याला माहीत असतं तर तो बोलला असता, दत्त्या.

ही म्हणते, पोटात असताना ग्रहणात भाजी चिरली. सतराव्या गुणसूत्रावरचा हा दोष असलेल्या निम्म्या मुलांत तो नव्यानंच उपजतो, आईबापाकडून येत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. ऐकते, मान हलवते, परत रडते.

तुझं घराचं काम कुठवर आलं? वहिनींची बदली झाली का? शेंगाची चटणी पाठवतोय, पोरांना जपून दे, तिखट आहे.

गुरुवारी रिपोर्ट हातात आला की छोटूला मीच सांगायचं ठरवलंय, या वेळी काही लपवायचं नाही. ताईला तुम्ही कसं सांगितलं होतंत? कोण बोललं, पहिलं वाक्य काय होतं? तेवढं बुधवारच्या आत कळव. नाहीतर स्वतःच ये की.

तुझा,
बंड्या