कुत्र्याला मासे जरूर घाला, पण शिजवून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणात कुत्रा पाळला की त्याला मासे घालणं आलंच. मागल्या दारी विळी मांडली की तो येऊन बसतो आणि आपणही डोकी, कल्ले, आतडी, जे काही कापून निघेल ते कच्चंच त्याच्यापुढे टाकतो नाहीतर दुपारच्या भातात कालवून देतो. मासे घालायला माझा अजिबात विरोध नाहीये, उलट मासा कुत्र्याला चांगलाच, प्रोटीन आहे, ओमेगा थ्री आहे. माझं म्हणणं आहे ते रोजच्या रोज ही कच्ची घाण घालण्याबद्दल, कारण त्याने काय होतं हे बऱ्याच घरांत माहीतच नाहीये.

काही माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते बी-वन जीवनसत्त्व म्हणजे थायमिन तोडून टाकतं, आणि फक्त माशातलंच नाही तर त्याच ताटात बरोबर जे काही कालवलं असेल त्यातलंही. आणि हे एन्झाइम माशाच्या मांसापेक्षा आतड्यांत आणि पोटातल्या बाकीच्या अवयवांत जास्त असतं, म्हणजे नेमकं आपण जे कुत्र्याला टाकतो त्यातच. आपली मांदेली अँकोव्हीच्या जातकुळीतली, तारली आणि पेडवे हेरिंगच्या, आणि या दोन्हीकडच्या बऱ्याच माशांत ते सापडलेलं आहे, तळ्यातल्या कार्पमध्येही आहे. १९३२ साली अमेरिकेत मिनेसोटात चास्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर कोल्ह्यांना कच्चा कार्प घालायचे आणि ते कोल्हे लुळे पडून मरायला लागले, तेव्हापासून त्या आजाराला चास्टेक पॅरालिसिसच म्हणतात. आणि हे काही फक्त परदेशातलं नाहीये, आपल्या मुंबईच्या विज्ञान संस्थेतल्या बायोकेमिस्ट डॉ. कमला सोहोनी, ज्यांचं ताडा-माडाच्या नीरेवरचं काम सगळ्यांना माहितीये, त्यांनी गोड्या, निमखाऱ्या आणि खाऱ्या पाण्यातल्या माशांमधल्या याच थायमिनेजवर काम केलंय, १९५४ साली ते छापूनही आलंय. इतकी जुनी माहिती आपल्या बंदरांपर्यंत अजून पोचू नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता लोक म्हणतात, आमच्या आज्याच्या कुत्र्यांनी जन्मभर कच्चे मासे खाल्ले, त्यांना काय झालं? त्याचं एक कारण मला भातात दिसतं. आधी घरोघरी उकडा तांदूळ असायचा, सालासकट भात उकडताना कोंड्यातलं बी-वन दाण्यात मुरतं त्यामुळे पॉलिश करूनही त्यात ते बरंच उरतं, शिवाय कुत्र्याच्या भांड्यात पेज पडायची, आणि पाण्यात उतरलेलं जीवनसत्त्व त्या पेजेत असतं. आता दुकानातला पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ, तोही चार पाण्यांत धुतलेला, त्यात बी-वन आधीच कमी, आणि जे काय थोडं आहे ते कच्च्या आतड्यांनी संपवायचं. असं आठवड्यातून एकदा झालं तर काही बिघडत नाही पण दिवसरात्र तेच ताट असेल तर कुत्रा आतून रिकामा होत जातो.

आमच्या वाडीत शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं हे डोळ्यांनी पाहिलंय. आधी त्याने जेवण सोडलं, मग ओकायला लागला, मग मागच्या पायांतला तोल गेला, पडवीची पायरी चढताना एका बाजूला कलंडायचा आणि तसाच बसून राहायचा, डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडात मोठ्या झालेल्या. कुणी म्हणालं साप चावला, कुणी म्हणालं पिसाळलाय. डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा हेच विचारलं की खायला काय घालता, आणि बी-वनची इंजेक्शनं सुरू केली, दुसऱ्या दिवशी तो उठून भांड्यापाशी आला. वेळेवर नेलं म्हणून, उशीर झाला की झटके येतात आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एक मात्र सांगते, असा झोकांड्या खाणारा कुत्रा दिसला तर घरी निदान करत बसू नका आणि त्याच्या तोंडात हात तर मुळीच घालू नका, रेबीजमध्येही असंच दिसू शकतं.

उपाय बिनखर्चाचा आहे, शिजवायचं. उष्णतेने थायमिनेज मरतं. पातेल्यात पाणी घालून चांगली उकळी येऊ द्या, मग दहा-पंधरा मिनिटं शिजवा, मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात म्हणून उरलेलं कालवण त्याला घालू नये आणि सुका खारा बांगडाही नको. काट्यांचं म्हणाल तर शिजलेला काटा कडक होतो आणि टोचतो, म्हणून बांगड्याचा मधला काटा ओढून काढायचा, मांदेली-पेडव्यांसारखी बारीक मासळी असेल तर कुकरला जास्त शिट्ट्या करून काटे बोटांनी चुरगळतील इतके मऊ करायचे. आतडी शक्यतो टाकूनच द्या, डोकी घालायची तर कल्ले काढून, आणि आत गळ अडकलेला नाही ना हे बोट फिरवून बघा, गळाने पकडलेल्या माशाच्या घशात तुटका गळ राहतो आणि तो कुत्र्याच्या घशात गेला की बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं.

हल्ली होमस्टेला येणारी मंडळी लॅब्राडॉर, गोल्डन घेऊन येतात आणि 'आम्ही रॉ डाएट देतो' म्हणून बंदरावरून ताजा मासा घेऊन तसाच घालतात. ताजा असला तरी त्यात अनिसाकिससारखे जंत असू शकतात. जंत मारायला मासा उणे वीस डिग्रीला सात दिवस ठेवावा लागतो, आपला घरचा फ्रीझर जेमतेम उणे अठरापर्यंत जातो आणि कोकणात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. आणि फ्रीझ केल्याने जंत मेले तरी बॅक्टेरिया मरत नाहीत, थायमिनेजही तसंच राहतं. इंटरनेटवर सामन (सॅल्मन) माशाने कुत्रे मरतात म्हणून वाचून कुणी घाबरत असेल तर तो आजार अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा आहे, तिथल्या एका गोगलगाईशिवाय त्याचं चक्र पूर्ण होत नाही, आपल्या बांगड्याचा त्याच्याशी संबंध नाही.

बांगड्याचा धोका वेगळा आहे. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय उन्हात पडले की त्यांत हिस्टामीन नावाचं विष तयार होतं आणि ते उकळूनही जात नाही, त्यामुळे 'आपल्याला नको, कुत्र्याला चालेल' हा हिशोब सोडून द्या. आणि किनाऱ्यावर जाळ्यातून काढून फेकलेला केंड मासा (फुगणारा पफरफिश), तो तर कच्चा नाही, शिजवलेला नाही, कुठलाच नाही. त्याचं विष शिजवून जात नाही, त्यावर उतारा औषध नाही, श्वासाचे स्नायूच बंद पडतात. शिंगाळ्याचे काटेही तसेच वाळूत पडलेले असतात, दातेरी आणि विषारी, ते भटक्या कुत्र्यांच्या तोंडात, पायात घुसतात.

म्हणून माझी विनंती आहे की हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा सगळ्या बंदरांवर केंड, काटे आणि तुटके गळ टाकायला झाकणाचे ड्रम ठेवावेत, हे काही फार मोठं बजेट नाहीये, आणि पशुसंवर्धन खात्याने मच्छीमार्केटमध्ये चार ओळींचा बोर्ड लावावा की कुत्र्या-मांजरांना मासे शिजवूनच घाला. मांजरांना तर बी-वन कुत्र्यापेक्षाही जास्त लागतं, आणि मासे कापणाऱ्या बायकांभोवती दिवसभर तीच बसलेली असतात. कापणाऱ्या बायकांनीच हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर बोर्डापेक्षा लवकर पोचेल, त्यांचं लोक ऐकतात.

हे पत्र शक्यतो नारळी पौर्णिमेच्या आधी छापावं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या सुटल्या की तारली-पेडव्यांचे वाटे स्वस्त होतात आणि तेव्हाच कुत्र्यांच्या भांड्यात सगळ्यात जास्त कच्चे मासे पडतात.

आपली,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)