बाँडपटांतील गाड्यांमागचे गणित

संपादक महोदय,
बाँडपटांवरील लेखांत नट आणि नायिकांचीच चर्चा होते. गाड्यांच्या कसरतींमागची मेहनत मात्र दुर्लक्षित राहते. १९७४च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये एएमसी हॉर्नेट मोटार हवेत पूर्ण गिरकी घेऊन कालव्यापलीकडे चाकांवर उतरते. ही उडी आधी संगणकावर मांडली होती, तीही त्या काळात! वजन दोन्ही बाजूंना समान राहावे म्हणून स्टिअरिंग आणि चालकाची जागा गाडीच्या मधोमध आणली. दृश्य पहिल्याच टेकमध्ये मिळाले. त्यावर शिट्टीसारखा आवाज चढवून पुढे त्याचा थरार घालवला, हे आजही खटकते.

२००६च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये अडचण नेमकी उलटी होती. अ‍ॅस्टन मार्टिन उलटायला हवी होती, पण तिचा गुरुत्वमध्य इतका खाली की सुमारे ४५ सेंटिमीटरच्या रॅम्पवरूनही ती पलटेना. मग चालकाच्या आसनामागे दाबाखालील नायट्रोजनवर चालणारी तोफ बसवली. गाडी रॅम्पवर चढताच चालकाने ही तोफ डागायची. तिच्यातून सुटलेला धातूचा दांडा जमिनीवर आदळतो आणि गाडीची एक बाजू उचलली जाते. आत अ‍ॅडम कर्ली हा स्टंटचालक होता. गाडीने सात कोलांट्या घेतल्या आणि गिनीज विक्रम झाला. पडद्यावर हे काही सेकंदांतच संपते. अशा कारागिरांवर आपल्या चित्रपट पुरवणीत स्वतंत्र लेखमाला यावी, ही विनंती.

– एक वाचक