आगमनकाळातील कीर्तनफेरीसाठी आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधू-भगिनींनो, सप्रेम सलाम.

नाताळच्या आधीचा चार आठवड्यांचा आगमनकाळ तोंडावर आला आहे आणि आपल्या कीर्तन-भजन समितीची पेटी (हार्मोनियम) भात्यातून हवा सोडते आहे. म्हणून वाद्यांसाठी आणि ऊसतोड मजुरांकडे जाणाऱ्या कीर्तनफेरीसाठी वर्गणी मागणारे हे पत्र घाईने लिहावे लागत आहे.

आपल्या मंडळीत कीर्तन कसे आले हे नव्याने सांगायची गरज नाही, तरी तरुण संघातल्या मुलांसाठी थोडे सांगतो. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांनी पाडली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन आपल्या उपासनेत असे रुजवले की आज 'उपासना संगीत' हे आपले गीतपुस्तक उघडल्यावर त्यांचे पद लागले नाही असा रविवार क्वचितच जातो. त्यांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नेटाने पुरे केले. त्यातल्या ओव्या आपले कीर्तनकार आजही आख्यानात घेतात. ही वाट ज्या जिल्ह्यात पडली, तिथल्या मंडळीने टाळ उसने आणून नाताळची फेरी काढावी, हे बरे दिसत नाही.

ज्यांच्या खांद्यावर ही समिती इतकी वर्षे उभी राहिली त्यांचे उपकार आधी मानतो. आपल्या पेटीमास्तरांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली साडेतीन सप्तकांची दुहेरी सुरांची पेटी समितीला दिली आणि जाईपर्यंत तिचा सूर स्वतः लावला. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर (पेटीतल्या धातूच्या पट्ट्या) आहेत, असे ते प्रत्येक नव्या वाजवणाऱ्याला बजावत. नर्सबाईंनी पहिला पखवाज दिला, आणि त्यावर आपले नाव घालू दिले नाही. शाळेतल्या मावशींनी जुन्या पदांचे सगळे अंतरे वहीत उतरवून ठेवले. आज मोबाईलवर फिरणाऱ्या प्रतींत दुसरा अंतरा गाळलेला आणि तिसरा चुकलेला असतो, तेव्हा त्या वहीची किंमत कळते. ट्रॅक्टरवाल्या दादांनी डिझेलचे पैसेही न घेता फेऱ्या केल्या. आता त्यांच्या ट्रॅक्टरला ऊस आहे, त्यांना पुन्हा विचारायला तोंड नाही.

फेरी कुठे जाते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. दिवाळीनंतर आपल्याकडची निम्मी घरे ऊसतोडीला जातात, म्हणून गावात कीर्तन लावले तर ऐकायला म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरतात. म्हणून आपण कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर, जातो. तिथे कीर्तनाचा नेहमीचा क्रम चालत नाही. नमन आणि पद झाले की लगेच आख्यान (गोष्ट) घ्यावे लागते, निरूपण (वचनाचा अर्थ सांगणे) मागून, कारण गाडी भरायला आली की अर्धी टोळी उठून जाते आणि शुभवर्तमानातल्या गोष्टीतला उधळ्या पुत्र दूर देशी डुकरे चारतच राहतो, बापाच्या घरी पोहोचत नाही. पावणेआठला सुरुवात, साडेनऊला प्रार्थना. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, आणि पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला कायदा नसता तरी झोप हवीच असते. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज आठ दिवस आधी द्यायचा. मुकादम आणि जमीनमालक यांना त्याच्याही आधी विचारायचे.

शिस्त पूर्वीचीच. देवाची स्तुती मोकळ्या गळ्याने करायची, कुणाच्या श्रद्धेबद्दल वावगा शब्द काढायचा नाही. धान्य, औषध, कपडा, पैसा यांतले काहीही कीर्तनाच्या जागी वाटायचे नाही. ज्याला द्यायचे असेल त्याने ते वेगळ्या दिवशी, शेजारी म्हणून द्यावे. पुस्तिका मागेल त्यालाच. बारीक टायपाचा नवा करार कोपीतल्या एका बल्बखाली कुणाला वाचता येत नाही, म्हणून यंदा मोठ्या टायपातले लूककृत शुभवर्तमान घ्यायचे ठरले आहे. कुणी प्रश्न विचारला तर वाद न घालता उत्तर द्यायचे, आणि येत नसेल तर पाळकसाहेबांकडे पाठवायचे.

आता वाद्यांविषयी, कारण 'दरवर्षी काय मागता?' असे विचारले जाते. पेटी चर्चच्या मागच्या खोलीत जमिनीवर ठेवली गेली. ओलीने भात्याच्या घडीवरचे चामडे सुटले, उंदराने एक कोपरा कुरतडला आणि धुळीमुळे मंद्र (खालच्या) सप्तकातले दोन सूर बसले. सगळे खटके (हवा सोडणाऱ्या खुंट्या) बंद करून भाता भरला तरी तो आपोआप खाली येतो. पखवाजाच्या धुम्यावर (डाव्या तोंडावर) लावलेली कणीक वाजवून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून काढायची असते. मागच्या ईस्टरला ती तशीच राहिली, वाळून कडक झाली आणि कातडे तडकले. तबल्याच्या शाईचे (मधल्या काळ्या लेपाचे) पापुद्रे निघत आहेत. पुडी (तबल्याच्या तोंडावरचे चामडे) साडेपाच इंची तोंडाची, काळी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराची, बसवायची. महिला मंडळ काळी तीनला गाते, त्यांना तोच तबला पंचमाला (त्यांच्या 'प' सुराला) लागतो, म्हणून दुसरा घ्यायची गरज नाही. टाळांच्या निम्म्या जोड्या फुटल्या आहेत. फुटका टाळ कितीही जोरात मारला तरी नाद धरत नाही, शेजारच्याचा ताल मात्र बिघडवतो. नव्या जोड्या काशाच्या, आणि जोडी एकत्र वाजवून पारखूनच घ्यायच्या. कोप्यांवर वीज भरवशाची नसते आणि जनरेटरच्या आवाजात कीर्तनकार बुडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक हवा. तो गाणाऱ्यांच्या पुढे ठेवायचा. मागे ठेवला की माईक शिट्टी मारतो.

एक बोलून मोकळे होतो. नाताळच्या कार्यक्रमात समितीला आधी बोलावणे येते, फोटो निघतात, टाळ्याही पडतात. वर्गणीला गेले की 'पुढच्या रविवारी बघू'. मागच्या वर्षी पाकिटे घरोघर दिली. परत आली ती बहुतेक विधवा भगिनींची आणि मजुरी करणाऱ्या घरांची. वरातीच्या डीजेला एका रात्रीत जेवढे जातात तेवढ्यात आपला पखवाज मढून निघेल. राग नाही, पण वाईट वाटते.

खर्च असा: पेटी दुरुस्ती ६,५००, पखवाज मढवणे ३,५००, तबल्याची पुडी १,८००, टाळ १२ जोड्या ७,८००, ध्वनिक्षेपक व दोन माईक १८,०००, जीपभाडे ८ फेऱ्या २०,०००, शुभवर्तमानाच्या ४०० प्रती ४,०००, 'उपासना संगीत' ४० प्रती ८,०००, एकूण ६९,६०० रुपये. कापणीच्या उपकारस्तुतीच्या (हंगामाच्या आभाराच्या उपासनेतील) अर्पणातून २१,४०० जमा. कमी पडतात ४८,२००. रक्कम नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत यावी, पेटी दुरुस्तीला पंधरा दिवस लागतात. खाते क्रमांक चर्चच्या फलकावर आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे टाकू नयेत. रोख रक्कम फक्त खजिनदारांकडे, पाकिटावर नाव-पत्ता घालून, पावती घेऊनच. आपला न्यास धार्मिक असल्याने देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही. परदेशात असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, कृपया पाठवू नये, न्यासाकडे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. वस्तुरूपाने द्यायचे असल्यास आधी विचारा, जुन्या पेट्या नकोत. गाणारे हवेत: सराव मंगळवार व शुक्रवार सायंकाळी सात. फेरी आगमनकाळाच्या चारही आठवड्यांत शनिवार-रविवारी. जीप सायंकाळी पाचला चर्चच्या मागच्या दाराशी उभी राहील. पेटी आणि ध्वनिक्षेपक उचलायला दोन तरणी पोरे वेळेवर लागतात, त्यांनी नावे आजच द्यावीत.

आपला प्रभूमधील,
चिटणीस, कीर्तन-भजन समिती