तुझ्यापासून लपवलेला अंक

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

प्रिय दोस्ता,

काल माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. तळाला आपले 'मॅड'चे, त्या अमेरिकन विनोदी मासिकाचे, अंक निघाले, कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेले. सात शिल्लक आहेत. इथल्या पावसानं पानं फुगलीत, पिना गंजल्यात, पण कव्हरवरचा त्यांचा पोरगा अल्फ्रेड न्यूमन दात पडलेल्या जागेतून तसाच हसतोय.

मागच्या कव्हरची आतली बाजू उघडली आणि तुझा अंगठा आठवला. वर एक प्रश्न, खाली भलंमोठं चित्र आणि घडी घालायच्या खुणा. तू दुकानाच्या पायरीवरच घडी घालायचास, वरून नखानं दाबायचास. मधला भाग आत गेला की दोन्ही कडा जुळून निराळंच चित्र व्हायचं. खालच्या मजकुरातली अक्षरंसुद्धा जुळायची आणि वरच्या प्रश्नाचं उत्तर व्हायची! ते उत्तर वाचून आपण गप्प व्हायचो, आणि मग खो खो हसायचो. घड्यांवरचा रंग उडून आता पांढऱ्या रेघा राहिल्यात.

ही पानं काढणारा अल जाफी. पहिलं १९६४ साली केलं. बाकीची मॅगझिनं उलगडून बघायची लांबलचक रंगीत पानं देत होती, म्हणून यानं उलटं, आत दुमडायचं पान काढलं. जाड बोर्डावर रंगवायचा, तो काही दुमडत नाही. त्यामुळं जुळलेलं चित्र त्याला स्वतःलाही अंक छापून आल्यावरच दिसायचं. किती विश्वास लागत असेल हाताला! २०२० मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी तो थांबला, २०२३ मध्ये गेला.

तुमच्याकडं दिवाळीत 'आवाज' यायचा, त्यातल्या खिडकीचं मला इतकं कौतुक का होतं ते काल कळलं. मधुकर पाटकरांनी तो १९५१ साली काढला आणि 'मॅड' १९५२ चं, म्हणजे आपला वर्षानं थोरला. कापलेल्या खिडकीतून भलतंच काही दिसायचं, पान उलटलं की साधा घरगुती प्रसंग. दोघांनाही वाचणाऱ्याचा हात लागत होता. पहिल्यांदा दिसलं ते खरं धरायचं नाही, ही सवय मला या दोघांनी लावली, आणि ती मला अजून उपयोगी पडते.

मॉर्ट ड्रकरनं काढलेली पिक्चरची विडंबनं आपण मूळ पिक्चर बघण्याआधी वाचली. कॅम्पातल्या टॉकीजला तो लागेपर्यंत वर्ष उलटायचं. शेवट आधीच माहीत असला तरी आपलं काही बिघडत नव्हतं. हिरो कुठं उगाच छाती काढतोय तेवढं बघायचं. गाणीसुद्धा असायची, वर लिहिलेलं की अमक्या चालीवर म्हणा. गणपतीत मंडळासाठी आपण पिक्चरच्या चालींवर गटारावर, पाण्याच्या टाकीवर गाणी रचायचो ना, तेच. तिकडं अमेरिकेत त्यावरून संगीतकार आयर्विंग बर्लिन आणि इतरांच्या गाण्यांचे प्रकाशक कोर्टात गेले होते. १९६४ मध्ये अपील कोर्टानं 'मॅड'च्या बाजूनं निकाल दिला : छंदावर, म्हणजे ओळींच्या मापावर, कुणाची मालकी नसते. हे त्यावेळी ठाऊक असतं तर आपण आणखी दहा गाणी रचली असती.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती निराळीच गोष्ट. १९५७ पासून २००१ पर्यंत त्यांनी पैशाची जाहिरात घेतली नाही. चव्वेचाळीस वर्षं! सिगारेट, साबण, गाड्या, सगळ्यांच्या खोट्या जाहिराती छापायच्या, तर त्यांच्याच पैशावर जगायचं कसं? अंक विकून आलेल्या पैशावर त्यांनी हा डोलारा चालवला. आपला किलोचा भाव त्यांच्यापर्यंत पोचला नाही याची मला आज खरंच चुटपूट लागलीय. २०१९ पासून अंकात बहुतेक जुनंच साहित्य नव्या कव्हरात येतं. इतक्या वर्षांच्या थट्टेला इतका शांत शेवट यावा, हे मला सहन होत नाही.

आता एक कबुली देतो. सातवा अंक मी तुझ्यापासून लपवला होता. एक तरी पान कोरं राहावं म्हणून दप्तराच्या तळाशी घातला, आणि 'रद्दीवाल्याकडं नव्हता' म्हणून तुला सांगितलं. तू दोन शनिवार शोधायला गेलास. मला ते अजून टोचतं.

तो अंक उद्या पोस्टात टाकतोय, सोबत कुंद्याचा डबा. पान अजून सपाट आहे, मीही दुमडलेलं नाही. घडी तूच घाल, नखानं दाबून. काय निघालं ते फोनवर सांगू नकोस, पत्रात लिही.

तुझाच,
बेळगावचा दोस्त