स्टारबोर्ड म्हणजे ताऱ्यांची बाजू नव्हे

महोदय,

जहाजांच्या बातम्यांत ‘स्टारबोर्ड’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा ताऱ्यांशी संबंध असावा, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू आणि ‘बोर्ड’ म्हणजे नावेची बाजू. म्हणून स्टारबोर्ड ही सुकाणूची बाजू. पूर्वी सुकाणू मागे मधोमध नसे. उजव्या कडेला एक रुंद वल्हे बांधलेले असे, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताची. नॉर्वेत 1904 साली उत्खननात निघालेल्या ओसेबर्ग नौकेवर ते आजही त्याच जागी दिसते.

हे वल्हे धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून नाव डावी बाजू लावून उभी करत. त्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. पण वादळात ओरडून दिलेल्या हुकमात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड यांत फरक कसा कळणार? ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये लारबोर्ड बाद करून ‘पोर्ट’ पक्के केले.

आणखी एक. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर जी उजवी, ती स्टारबोर्ड. खलाशी कुठेही वळला तरी ती बदलत नाही. म्हणून बातमीत नुसते ‘उजवीकडे’ लिहिले की घोटाळा होतो. ‘जहाजाची उजवी बाजू’ असे लिहावे, ही कळकळीची विनंती. आपला ‘सुकाणू’ शब्दही दर्यावर्दीच. तो अरबी ‘सुक्कान’वरून आला.

– एक वाचक