तीन-तीन आठवडे ताप का उतरत नाही? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की आमच्या विदर्भात घरोघरी ऐकू येतं, ताप उतरतच नाहीये. मग ठरलेलं, विडाल टेस्ट (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी), "थोडा टायफॉईड निघाला", सलाईन, अँटिबायोटिक, आठवड्याने दुसरा डॉक्टर, दुसरं औषध आणि परत तीच विडाल. साहेब, एकट्या विडालवर टायफॉईड ठरत नाही, जुनं इन्फेक्शन किंवा दुसरा कुठला ताप असला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरं उत्तर देते ती ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, पण रक्त घ्यायला हवं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. पेशंट मेडिकल कॉलेजला पोचेपर्यंत तीन-चार औषधं होऊन गेलेली असतात, मग कल्चरमध्ये काय उगवणार? काही ठिकाणी तर ताप दाबायला स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात, त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि आतला टीबी किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाकला जातो.

माझी मावशी सोयाबीनच्या निंदणाला जायची. फाईलभर रिपोर्ट झाले पण तिचं अंग कोणी नीट तपासलंच नव्हतं. शेवटी एका तरुण डॉक्टरताईने काखेत बघितलं तर सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली! स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी दिली आणि दोन दिवसात ताप उतरला. 2018 मध्ये नागपूर भागात याच आजाराने माणसं दगावलीत, म्हणजे सरकारला हे नवीन नाही.

आणि प्रत्येक ताप स्क्रबही नसतो. पोटाचा, मणक्याचा टीबी असतो, थुंकी क्लीन येते म्हणून निदानातून सुटतो. गाईम्हशींची वेण काढणाऱ्याला, कच्चं दूध पिणाऱ्याला ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा ताप होतो, पण घरी जनावरं आहेत का हे विचारतंय कोण?

म्हणून मागणी एवढीच, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ब्लड कल्चरच्या बाटल्या द्या, तिथे रक्त घेऊन त्याच दिवशी जिल्ह्याच्या लॅबला पोचवायची सोय करा (फ्रीजमध्ये न ठेवता, हे स्टाफला शिकवावं लागेल), स्क्रबची एलायझा ही रक्ततपासणी जिल्ह्यातच होऊ द्या आणि रिपोर्ट यायच्या आधीही संशय आला तर डॉक्सी सुरू करा असा लेखी आदेश काढा. सगळीकडे एकदम जमत नसेल तर पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका जिल्ह्यात तरी सुरू करा साहेब.

आपला,
विदर्भातला एक नागरिक